पूर्वपक्षावरच्या टाळ्या

सन्माननीय अध्यक्ष जयंतराव, प्रमुख पाहुणे आणि फ्रीगंजातल्या रंगीत टीव्हीच्या शोरूमचे मालक माणिकलालजी, आजचे सत्कारमूर्ती व माझे गुरू भय्यासाहेब पोतनीस, या हिंदी मुलखातल्या आपल्या मराठी मंडळाचे सभासद बंधुभगिनींनो, आणि मागच्या रांगांमध्ये बसलेल्या, माझ्या ओळखीच्या नसलेल्या सद्गृहस्थांनो, सर्वांना अनसूया मुळेचा नमस्कार.

भय्यासाहेब आता पुण्याला मुलाकडे राहायला चालले आहेत. माधव नगरच्या याच सभागृहात ते दर रविवारी वक्तृत्वाचा वर्ग घ्यायचे. जुन्या ग्रीकांनी भाषणाचे तीन आधार मानले, असं ते सांगत: बोलणाऱ्याची साख, ऐकणाऱ्याचं मन आणि मुद्द्याचं बळ. "यातला मधला आधार आपल्या हातात नसतो," ते म्हणायचे, "म्हणून श्रोत्यांपुढे नम्र असावं." हे मी पुढे शाळेतल्या मुलींनाही शिकवलं. थांबा हं, जरा चष्मा पुसून घेते.

टाळ्या? आभारी आहे. मागच्या मंडळींनी सुरुवात केली आणि पुढच्यांनी साथ दिली. मी तर अजून काही बोललेच नव्हते. असो, चष्मा चढवते आणि पुढे जाते.

भय्यासाहेबांची एक लकब आपल्या साऱ्या सभासदांना पाठ आहे. आपल्या शास्त्रकारांप्रमाणे ते आधी पूर्वपक्ष मांडतात. म्हणजे समोरच्याचं म्हणणं, तेही त्याच्यापेक्षा चांगलं. मग चष्मा काढतात, क्षणभर थांबतात, आणि उत्तरपक्षात त्याच म्हणण्याच्या चिंध्या करतात. चष्मा उतरला की आम्ही विद्यार्थी सावरून बसायचो, कारण खरं भाषण तिथून सुरू व्हायचं.

मागच्या महिन्याची सभा आठवा. हे सभागृह माणिकलालजींच्या नव्या शोरूमला द्यायचं का, हा विषय होता. भय्यासाहेब उठले. देश बदलतोय, घराघरांत केबल आली, वर्गाला मुलं येत नाहीत, रिकामी भिंत सांभाळून काय करायचं, असं सगळं त्यांनी मांडलं. मग चष्मा काढला. आणि मागून टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पुढच्यांचेही हात आपोआप वाजले. आता आपल्या मंडळात ठराव टाळ्यांवर मंजूर होतात. घरातल्या माणसांचे हात काय मोजायचे, असं आपल्या वाडवडिलांना वाटलं. झालं, ठराव मंजूर. भय्यासाहेबांनी सभेकडे पाहिलं, चष्मा चढवला आणि खाली बसले. उत्तरपक्ष तसाच राहून गेला.

मी दारात माणिकलालजींना म्हटलं की भाषण अर्धंच झालं होतं. ते हसून म्हणाले, "माताजी, पब्लिक ने ताली बजा दी, अब क्या सोचना?"

मी मात्र महिनाभर सोचून राहिले. माफ करा, मास्तरणीचा स्वभाव संशयी असतो. दोन मुलींची उत्तरं सारखी आली की ती आधी बाक बघते. भय्यासाहेब, मला तुमचाही संशय आला. हे तर तुमचंच ठरवलेलं नाही ना? तिन्ही आधार थकले म्हणून श्रोते बाहेरून आणण्याचा चौथा आधार तर तुम्ही शोधला नाही? फार वाईट वाटलं हो. या विचारानं रडले मी.

म्हणून आज चष्मा पुसला. काच स्वच्छच होती, चष्मा उतरला की टाळ्या, एवढंच कुणी मागच्यांना पढवलंय का, ते बघायचं होतं.

आणि मघाशी टाळ्या वाजल्या तेव्हा मी मागच्या रांगांकडे पाहिलं नाही, तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही दचकलात आणि वळून मागे बघितलंत. व्यासपीठावरचे एक जण मात्र दचकले नाहीत, ते हार नीट करत होते. कोण, ते मी सांगत नाही. पाहुण्यांचा मान राखायची आपली रीत आहे.

तेव्हा तुम्ही त्या टाळ्या खऱ्या मानल्यात. सभेला हेच हवंय, असं समजून नम्र झालात. वक्ता श्रोत्यांना वळवतो, हे तुम्ही शिकवलंत. श्रोते वक्त्याला कसे वळवतात, ते मात्र तुम्हीच शिकायचे राहिलात.

अध्यक्षमहाराज, या समारंभानंतर तो ठराव कायम व्हायचा आहे. तोवर तो कच्चाच. माझी विनंती आहे की भय्यासाहेबांना राहिलेला उत्तरपक्ष मांडू द्यावा. निरोपाच्या दिवशी गुरूकडे आणखी काय मागू? आणि त्यानंतर मत हात वर करून घ्यावं, फक्त सभासदांचं. आपल्या माणसांचे हात मोजायला मलाही संकोच वाटतो. पण हे सभागृह गेलं तर आपण भेटायचं कुठे, भांडायचं कुठे?

मला बोलू दिलंत, त्याबद्दल मंडळाची ऋणी आहे. शिष्येनं गुरूवर भर सभेत संशय घेतला, पाहुण्यांसमोर नको ते बोलली, ते पदरात घ्यावं. आणि एक कृपा करा, माझ्या भाषणाला टाळ्या वाजवू नका. हात मोकळे ठेवा, आत्ता लागणार आहेत.