सगळीकडे नॉट रेडी

आमच्याकडे काय झालं, ऐका. मुलुंडला आमच्याच बिल्डिंगमधले दिनेशकाका, बाबांचे शाळेपासूनचे मित्र, बाबांना आपली गाडी विकत होते.

"बघ, इंजिनच्या बिघाडाचा दिवा लागतोय का? एकदम झकास!" काका म्हणाले.

बाबांनी गाडीला बिघाडांच्या नोंदी दाखवणारा स्कॅनर जोडला आणि मला वाचायला सांगितलं.

"बिघाड एकही नाही," मी हळूच म्हणाले, "पण गाडी स्वतःच करते त्या धुराच्या सगळ्या तपासण्यांपुढे 'नॉट रेडी' आहे, म्हणजे त्या अजून झाल्याच नाहीत."

"दिन्या, बिघाडाची नोंद आजच पुसलीस ना? पुसली की तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात."

"अरे, थोडे दिवस चालव, होतील रेडी."

"मग तूच चालव. दिवा लागला नाही तर घेतो."

काका गाडी घेऊन निघून गेले. मला वाटलं, संपली यांची मैत्री.

शनिवारी ते दारात उभे. "लागला रे दिवा."

"आत ये," बाबा म्हणाले. "खरं सांगितलंस, आता गाडीचं बोलू."