खंडेनवमीच्या आधी

— नाही, तसं नाही, मुठीत आवळायचं नाही ते, धनाजीराव, ऊस तोडायला निघाला नाहीत तुम्ही. हलकं धरा. आणि नळी भिंतीकडे. रिकामं आहे, मला माहीत आहे रिकामं आहे, तरी नळी भिंतीकडेच — भिंतीची काळजी नको, सरकारी सोसायटीची आहे, पडायची तेव्हा आपली आपण पडेल. हां. आता बसलं हातात? नाही बसलं. बसणारच नाही. ही मूठ अक्रोडाच्या लाकडाची, आणि माझ्या मुलीच्या, समीक्षाच्या तळहाताच्या मापानं घासून घेतलेली आहे. तुमच्या पोरीला, स्वप्नालीला, नवीन मूठ बसवावी लागेल. मिळते. बसा, खुर्ची पंख्याखाली ओढा. चहाचं विचारलं असतं, पण मंडळी बाहेर गेलीत, भजनी मंडळाची बैठक आहे, आणि खरं सांगायचं तर ती यायच्या आत आपलं उरकलेलं बरं. का म्हणजे? सांगतो की. आधी पिस्तुलाचं सांगतो.

तुम्ही विट्याहून साताऱ्यापर्यंत आलात, मोबाइलवरची जाहिरात बघून. गलाईचं दुकान कुठं म्हणालात — कोइमतूरला? म्हणजे आयुष्यभर सोनं आटवून कस काढणारा माणूस, तुम्हाला मी काय फसवणार. आणि मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त कारकून, आम्ही फसवतो ते फक्त उशीर करून. तर ऐका. देशी पिस्तूल घ्या नाहीतर हे जर्मन घ्या — छर्रा तोच, दहा मीटरचं अंतर तेच, आणि मधला दहाचा गोल शर्टाच्या बटणाएवढा, तोही तोच. मग फरक कशात? देशी पिस्तुलात दर छर्र्याला दांडा ओढून हवा भरायची, दुपारपर्यंत पोरीचा खांदा भरून येतो. चाप कडक — आमच्याकडच्या फायलीसारखा, दाबत राहायचं, दाबत राहायचं, सुटेल तेव्हा सुटेल. आणि हे? यात हवेची नळकांडी आहे, एकदा भरली की दिवस जातो. चापाचं वजन पाहिजे तसं लावता येतं. नुसतं मनात आलं की सुटतं. मनात येण्याच्या जरा आधीच सुटतं म्हणाना.

आता तुम्ही विचाराल, नवशिक्या पोरीला कुठलं द्यावं? मी म्हणेन, साधं. मी विकायला बसलोय आणि तुम्हाला घेऊ नका म्हणतोय — हसा, हसा, आमच्या खात्यात असंच काम चालायचं. पण खरंच सांगतो. पहिलं वर्षभर पोरीनं शिकायचं असतं ते उभं राहायला. पाय कुठं, श्वास कधी सोडायचा, चाप ओढताना मनगट मेलेलं कसं ठेवायचं. ते साध्यावरही येतं. शिवाय साध्या पिस्तुलाचा एक मोठा गुण आहे, तो कुठल्या माहितीपत्रकात छापत नाहीत. नेम चुकला तर पिस्तुलावर ढकलता येतं. चाप कडक होता, नळी जुनी होती, काहीही. महागडं घेतलं की ती सोय गेली. महागड्या पिस्तुलाकडे कुणी बोट दाखवत नाही. चुकला तो हातच. सगळे म्हणतात, हात हलला. आईसुद्धा म्हणते.

काय? हो, आमच्या समीक्षाचंच म्हणतोय. नाही, नाही, चांगली आहे, मिरजेला असते, दवाखान्यात नोकरी आहे, फिजिओ का काय ते — लोकांचे हात-खांदे सरळ करते. स्वतःचं सोडलं खेळणं. अभ्यास होता ना. तेच सांगतो आम्ही सगळ्यांना, अभ्यास होता.

बघा, तुमच्याकडे खंडेनवमीला काय करतात? तेच. तुमचे वडील मेंढरांची कातर पुजायचे म्हणता, बघा, म्हणजे तुम्हाला समजेल. आमच्या मंडळींचं, अंजनाचं, माहेर फौजी गावातलं. घरटी एक माणूस पलटणीत, आणि सासरे, सुभेदार हंबीरराव, त्यांच्याकडे खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. कोयता, खुरपं, कुऱ्हाड, आजोबांची तलवार — सगळं धुऊन-पुसून ओळीत मांडायचं, तेलाचा हात फिरवायचा, हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, नारळ. लग्न होऊन ही माझ्या घरी आली तेव्हा पहिल्या नवमीला विचारलं, आवं, तुमच्याकडं हत्यार काय हाय? मी म्हटलं, पेन. तिनं पेनाची पूजा केली, हसू नका, खरंच केली. मग शिलाई मशीन, मग माझी स्कूटर. बाईच्या मनात सलत होतं, माझ्या घरात खरं हत्यार नाही. आणि मग पोरीचं हे जर्मन पिस्तूल आलं. त्या वर्षी चौरंगावर मधोमध हे, आणि बाकी सगळं कडेला. हंबीररावांना फोन करून फोटो पाठवला. म्हाताऱ्यानं तिकडून कडक सलाम ठोकला म्हणे, फोनला.

आता तुम्ही सोन्यातली माणसं, तुम्हाला सांगायला नको, बारीक कामात एक कण गेला तर काय होतं. कोयत्याला तेल-कुंकू लावा, कोयत्याला काय फरक पडतो? पण तिनं मनापासून लावलं. खोबरेल बोटानं नीट चापात, फटीत, जिथं जिथं हलतं तिथं — शिलाई मशीनला घालतात तसं. त्याच्यावर कुंकू. त्याच्यावर अक्षता. हात जोडले. माझेही जोडलेले होते. दसऱ्याची सुट्टी, सरावाचा हॉल बंद, आणि दसरा झाला की लगेच पुण्यात राज्य स्पर्धा. त्यातून पुढं जाणार होती पोर, सगळे म्हणत होते.

तिथं चाप अडकायला लागला. मधेच अडके, मधेच आधी सुटे. आता स्पर्धेत तरतूद असते, धनाजीराव — हात वर करायचा, पंच येतो, हत्यार तपासतात, दुसरं घेऊ देतात. सगळे नियम पोरीला तोंडपाठ. हात वर केला नाही. का? कारण मागं प्रेक्षकांच्या खुर्चीत आई बसली होती, मांडीवर प्रसादाचा नारळ घेऊन. पंच आला असता, पिस्तूल उघडलं असतं, आणि आतलं लाल सगळ्यांसमोर बाहेर काढून विचारलं असतं, हे काय? म्हणून पोर उभी राहिली आणि सगळे छर्रे मारून संपवले. बाहेर आली तेव्हा आईनं विचारलं, हात हलला काय गं? ती म्हणाली, व्हय आई, हात हलला.

मला कुठं माहीत होतं? मी एकदा म्हटलं बघू, पिस्तुलात काही आहे का, म्हणून पुण्याला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं उघडलं. म्हणाला, काका, हे लाल काय आहे? मी म्हटलं, गंज असेल. तो म्हणाला, गंजात तांदूळ असतो काय? घरी येऊन पोरीला विचारलं, तर ती मान वर न करता म्हणाली, बाबा, आईला सांगायचं नाही. झालं. एवढंच. मी मान्य केलं. आयुष्यभर वरच्यांनी सांगितलेलं मान्यच केलंय.

आणि गंमत ऐका — आता ही गंमतच म्हणायची. पिस्तूल साफ होऊन आलं, अगदी नव्यासारखं. पोर परत उभी राहिली एका स्पर्धेत. आणि हात खरंच हलला. पहिल्यांदा खोटं बोलली होती, पण हातानं ते ऐकलं असावं. नंतर पिस्तूल कपाटात गेलं ते गेलं. पण कपाटातनं दर खंडेनवमीला बाहेर निघतं की! पोरगी मिरजेहून येते दसऱ्याला, ही चौरंग मांडते, तेल, कुंकू, अक्षता, सगळं तसंच, आणखी जरा जास्तच, कारण हिला वाटतं त्या वर्षी आपलीच भक्ती कमी पडली. पोरगी हात जोडून उभी. मग सगळे झोपले की — नाही, झोपल्यावर नाही, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ही शेजारी सोनं वाटायला गेली की मी चाप सोडवून कापसाच्या काडीनं आतलं काढत बसतो. कचेरीत कधी टेबल पुसलं नाही मी. म्हणून म्हणतो, पिस्तूल चोख आहे. दर वर्षी सर्व्हिसिंग झालंय, पूजेसकट.

गेल्या वर्षी आईला ताट जड झालं म्हणून समीक्षानं स्वतः धरलं. हिनं कुंकवात बोट बुडवायचं, आणि तिनं ताट पुढं करायचं. माझ्यानं बघवलं नाही असं म्हणणार नाही. बघवतं. सगळं बघवतं मला, जेवलोही मी नंतर, श्रीखंड दोनदा घेतलं. पण आता पुढच्या आठवड्यात परत नवमी. म्हणून म्हटलं, त्याआधी जाऊ दे घरातनं. हिला सांगेन दुरुस्तीला दिलंय. पैशाचं राहू द्या, ते नंतर बघू, तुम्ही पेटी घ्या आणि —

आलीस? लवकर आलीस. बैठक? ... बरं. हे धनाजीराव, विट्याचे. त्यांची पोर शिकतीय नेमबाजी. ... व्हय. द्यायचं म्हणतोय. नुसतं कपाटात पडून काय उपेग? ... विचारलं न्हाई, चुकलं. ... अगं, रडतीस कशाला, पोरीच्याच हातात जाणार हाय न्हवं? स्वप्नाली नाव हाय तिचं.

... काय? लाव की. कुणी नगं म्हणतंय? घरातनं जाणारी वस्तू हाय, तुझ्या हातचं कुंकू लागू दे. आण ताट. धनाजीराव, पेटी ठेवा टेबलावर, असू द्या उघडी. लेक सासरला धाडल्यावानी करतीय ती, दोन मिनिटं.

हां. पेटीला लाव. झाकणाला. झालं की. अगं — अगं पुरं, आत नगं! चापाला नगं लावू, आत जातंय ते!

... काय न्हाई. आत जातंय म्हंजे — असंच म्हणलं. नवीन माणसाला द्यायचंय, चिकट हुतं. ... मला कसं म्हाईत? ... त्या वर्षीचं कुंकू? चापात? मी काय बोललो, मी फक्त पेटीला लाव म्हणलो. ... न्हाई. समीक्षा काय बोलली न्हाई. कवाच बोलली न्हाई ती.

... अंजना. ताट दे इकडं.

धनाजीराव, तुम्ही निघा. पेटी राहू द्या. पोरीला साधं घ्या, विट्यात नाहीतर सांगलीत मिळेल. नाही, फोन करू नका. जाताना दार तेवढं ओढून घ्या.