चार बोटं सैल

पट्टा आला, हे आले नाहीत. हुमनाबाद मागं टाकून कोसभर आलो होतो, सडकेच्या कडेला चिंचेखाली आमची मोटार बंद पडलेली, मला आठवा महिना, सासूबाई पदरानं वारा घेत बसलेल्या, आणि गावाकडून एक म्हातारा मिस्त्री चालत येतोय, खांद्यावर मोटारीचा काळा पट्टा. मी विचारलं, माझा माणूस कुठंय? तो म्हणाला, बेटी, पहले पानी पी. मी म्हटलं, नक्को पाणी, आधी सांगा. मग त्यानं सांगितलं की त्याच्या दुकानासमोर नाक्यावर बंदूकवाल्यांची लॉरी उभी होती, त्यांनी ह्यांना अडवलं, कुठून आला, कुठं चालला विचारलं आणि वर चढवलं. चढताना ह्यांनी पट्टा त्याच्याकडं बघून सडकेवर टाकला. लॉरी गेल्यावर त्यानं तो उचलला आणि सरळ आमच्याकडं चालत आला.

काय सांगू तुम्हाला, मी रडले नाही. रडायला मागून वेळ खूप मिळाला.

माझं माहेर बिदरकडचं, शेतकरी घर, चौथीपर्यंत शाळा, मग लग्न आणि हैदराबादेत नारायणगुड्याला दोन खोल्यांत संसार. हे मोटारींचं काम करायचे. हाताला कायम तेलाचा वास, कितीही साबण लावा, जायचा नाही, मी नाक मुरडायची. एका वकिलानं इंजिन गेलेली छोटी मोटार ह्यांना देऊन टाकली होती. ह्यांनी तिच्यात मोडक्या लॉरीचं इंजिन बसवलं. गल्लीतले हसायचे, म्हणायचे, क्या उस्ताद, बकरीच्या पोटात म्हैस घातली काय? हे म्हणायचे, हौ, आणि दूध पण देते बघा.

पण त्या इंजिनाचं एक दुखणं होतं. पंखा फिरवणाऱ्या पट्ट्याला दोन चाकं, त्यातलं खालचं चाक मोटारीचं आणि वरचं लॉरीचं, कारण लॉरीचं खालचं चाक तिथं मावतच नव्हतं. मग मोटारीचा पट्टा घालावा तर तोकडा आणि लॉरीचा घालावा तर लोंबतोय. ओढून ताणायलाही जागा नाही, इंजिन आधीच पत्र्याला टेकलेलं. ह्यांनी कुठून तरी एक नेमका बसणारा मिळवला होता, तसा दुसरा काही मिळाला नाही.

ते रझाकारांचे दिवस. शेजारपाजारचे एकेक करून सोलापूरकडं निघून गेले, निजामाच्या हद्दीपलीकडं. माझं बाळंतपण तिकडं करू म्हणून आम्हीही निघालो, मी, हे आणि सासूबाई. आणि ह्या चिंचेखाली पट्टा तुटला, पाण्याला उकळी फुटली, मोटार थांबली.

हे म्हणाले, गावात जाऊन बघतो, पण माप पाहिजे, तुटलेल्याचं माप घेऊन उपयोग नाही, तो ताणला गेलाय. आणि कमरेचा करदोडा सोडायला लागले. सासूबाई ओरडल्या, खबरदार, जित्या माणसाचा करदोडा सोडत नसतात! त्यांनी गाठोड्यातून काळा गोफ काढला, होणाऱ्या नातवासाठी वळून ठेवलेला, लांबच लांब. ह्यांनी तो दोन्ही चाकांवरून फिरवला, बोट धरून म्हणाले, आई, इथं गाठ मार. सासूबाईंनी मारली. पण आयुष्यभर त्यांनी लेकरांचे करदोडे बांधलेले, आणि लेकराचा करदोडा कधी नेमका बांधत नाहीत, चार बोटं वाढ ठेवतात. हात सवयीनं पुढं सरकला आणि गाठ चार बोटं पुढं बसली. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या मापाचा पट्टा मिस्त्रीच्या दुकानातून घेऊन हे आले, चढवला, मोटार चालू केली. पट्टा चिरकायला लागला, घसरायला लागला, अर्ध्या फर्लांगात पुन्हा वाफ. हे खाली उतरून हसले. म्हणाले, आई, तुझ्या नातवाला बसेल बघ हा, मोटारीला नाही. पुन्हा गोफ घेतला, मला म्हणाले, झोप जरा, आलोच. आणि गेले. ते पाठमोरे गेलेले मला अजून दिसतात, सदऱ्याची मागची शिवण उसवलेली, मी सकाळी टाके घालीन म्हटलं होतं.

मिस्त्रीनं पट्टा चढवला. नेमका बसला. गाडी चालवायची कुणी? तोच बसला. रस्त्यात मी विचारलं, दुकानात हे काय बोलले? म्हणाला, हसत होता, म्हणत होता, इस बार चार उंगल कम. हद्दीजवळ त्यानं आम्हाला ओळखीच्या गाडीवानाच्या हवाली केलं, मोटार तिथंच सोडली आणि पायी परत गेला.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आम्ही मुलीला घेऊन परत हैदराबादला आलो, नारायणगुड्याच्या खोल्यांत दुसरे आले होते म्हणून अंबरपेठेत राहिलो. मी हुमनाबादला गेले. दुकानाला कुलूप होतं. तिकडं आता मिस्त्रीच्या लोकांवर, मुसलमानांवर, पाळी आली होती, तो कुठं गेला कुणी सांगेना. ह्यांना शेवटचं पाहिलेला तोच एक माणूस. त्याला अजून बरंच विचारायचं होतं, काही खाल्लं होतं का, पाणी प्यायले होते का.

सासूबाईंना मी गाठीवरून कधी बोलले नाही. माफही केलं नाही. एका चुलीवर वीस वर्षं रांधलं. मुंबईला जा, दुसरं लग्न कर, लोक सांगायचे. मी अंबरपेठेतच राहिले, अजून पत्ता बदलला तर माणूस शोधणार कसा? नारायणगुड्याच्या घरमालकाला दर दिवाळीला जाऊन सांगायची, कुणी आलं तर अंबरपेठ सांगा हं. घरमालक वारला, मग त्याच्या सुनेला सांगायची.

अजून बाहेर एखाद्या मोटारीचा पट्टा चिरकला की मान वळते. वळते तर वळते, मी तिला अडवत नाही.

आता दिलसुखनगरला नातीकडं असते. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, तरी तुम्ही लिहा. त्या सडकेवरून आम्ही तिघी जगून आलो, सासूबाई, मी आणि पोटातली मुलगी.