शेळीच्या दुधावर वाढलेली

न्हाई न्हाई, बसा ना विहीनबाई, च्या तरी संपवा. लोकांचं ऐकून सोयरीक मोडायला निघालात व्हय? कोनी सांगितलं ते मला ठावं हाय — तुमच्या नेवाशात दिलेली माझी ननंद, साळूबाई, दुसरं कोन. म्हनली असंल, राहीबाईच्या माहेरच्या बायका छातीच्या गाठीनं जातात. जातात. खोटं कशाला बोलू? आई गेली, तिच्या आदी तिची आई, मंग माझी थोरली बहीन चांगुना — पदरात तीन लेकरं, तिशी बी गाठली न्हवती. पन माझ्या विजूचं तसं न्हाई. माझी विजयमाला शेळीच्या दुधावर वाढलीय.

हसू नका. ते दुखनं दुधातनं उतरतं, आमच्या माहेरच्या समद्या म्हाताऱ्या हेच सांगायच्या. म्हनून पोरगी झाली तशी मी तिला अंगाला लावलीच न्हाई. कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजलं. छाती फडक्यानं करकचून बांधायचे — तरी चोळी भिजायची. पोर रडली की मी उठून पार वढ्याला जायचे, इथं बसले तर उचलून घेईन म्हनून. सासू म्हनायची, आई हाय का वैरीन? म्हनू दे. एक थेंब दिला न्हाई. मंग सांगा, तिला कशी हुईल गाठ?

हात? हाताला कुठं काय झालंय? हां, वर जात न्हाई नीट — दुष्काळी कामावर खडी फोडून लचकला असंल, औंदा कोनाचा हात धड हाय? तेच दाखवायला नगरला गेल्ते. डॉक्टरीनबाई लई खोदून इचारत हुती. आई कशानं गेली, बहीन किती वयाची हुती. मी म्हनलं, बाई, हात माझा दुखतोय, बहिनीचं काय काढता? तर तिनं काखेत बोटं घालून बघितलं, मंग छाती बघितली, अन् खुर्ची वढून माझ्याफुडं बसली.

मंग मीच मोठ्या तोऱ्यात शेळीचं सांगितलं. तर म्हनली, राहीबाई, दुधाचा काय संबंध न्हाई. काही घरांत ते रक्तातनं येतं, लेकरू पोटात असतानाच. समद्यांनाच हुतं असं न्हाई — पन पोरगी केवढी हाय? अठरा? तिला घेऊन या, तपासत राहू. महिना झाला त्याला. नेली न्हाई मी. नेली तर गावाला कळंल, कळलं तर लगीन मोडंल — अन् आता बघा, मीच तुमाला समदं सांगून बसले.

म्हंजे द्यायचं ते मी पोटातच देऊन बसल्ते. मंग छाती बांधली कशाला? दोन वरसं पोर माझ्याकडं हात करायची, अन् मी तोंड फिरवायचे. लई वाईट वाटतं, बाई.

न्हाई, बोलू नका काही. तुमच्या मच्छिंद्रला दुसरी पोरगी बघा, मी राग धरनार न्हाई. बाराची यष्टी हाय, विजूला नगरला न्यायचंय. अन् त्याच्याआदी तिला सांगायचंय. कसं सांगू ते ठावं न्हाई — तिला जवळ घेऊन बसायची सवयच न्हाई मला. उठा आता. जा तुमी.