चावीचा मान

नातवंडांनो, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, आपल्याकडे गाण्याच्या धंद्यात कोणी श्रीमंत झालं का. झालं. आपल्या घाटंजीच्या घरासमोर तीनमजली घर आहे ना, ते गुलाबरावांचं. दुपारच्या चहाला ते ओट्यावर येऊन बसत, बोलत, आणि मी लिहून घेत असे. बोलणं त्यांचंच आहे, मी फक्त ते एका ओळीत लावलं.

लिवा बाई. माहं नाव गुलाब, बापाचं सीताराम. गाव इथून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, गावाचं नाव मातर नका लिवू, तिथल्या पाटलाची नातसून अजून मले चहा पाजते. माहा बाप डफडं वाजवे. गावात कोनाचं लगन असो, पोळा असो, कोनी मेलं असो, बापाचं डफडं पुढं आनि गाव मांगं. ते काम आमच्या वाट्यालेच आलं होतं, कोनी इचारत नसे का येतं का म्हनून, दारातून नुसती हाक, ए सित्या, चाल. मांडवाच्या बाहेर लिंबाखाली उभं राहून वाजवायचं आनि पंगती उठल्यावर जे उरन ते घेऊन घरी यायचं. पन बाप वाजवे असा, काय सांगू तुमाले, लंगडं मानूस नाचे. आनि मी त्याचा पोरगा, मले ना ताल ना सूर. लहानपनी एकदा बापानं डफडं हाती देल्लं, मी दोन टोले हानले तं शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं. बाप म्हने, हा कोनावर गेला? माय म्हने, माह्या भावावर नाई गेला, इतकं सांगते.

मंग छप्पन साल आलं. बंदा मोहल्ला, लहानमोठे सारे, नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, आनि आल्यावर बैठक बसली, का आता मेलेलं ढोर वढायचं नाई आनि कोनाच्या दारात डफडं वाजवायचं नाई. बापानं सर्वाईसमोर शब्द देल्ला. घरी येऊन डफड्याचं चामडं कापून फेकलं, राह्यलं लाकडाचं कडं, चांगलं गोल, मजबूत. बाप ते हातात धरून बसला, आता याचं काय करू म्हने. मायनं ते घेतलं, त्याले तारेची जाळी ठोकली आनि दुसऱ्या दिवशी त्यातून ज्वारीचं पीठ चाळलं. ज्या कड्यानं गाव नाचवलं त्याचं चाळनं झालं. मायले ते लय आवडे, म्हने, आता कुठं हे घरच्या कामाले आलं.

मी तवा घाटंजीले होतो, एका सेठच्या दुकानात. सेठ सायकली भाड्यानं दे, गॅसबत्त्या दे, आनि एक भोंगा होता तो दे. तुमच्या नातवाईले भोंगा कसा ते सांगा बरं. आवाज निघे मोटारीच्या बॅटरीवर, पन तबकडी फिरे चावीवर, घड्याळासारखी चावी. एक गानं झालं का पुन्हा चावी भरा. चावी उतरली का गानं बसत जाय, गानारी बाई गाता गाता बाप्या होय आनि बाप्याचा रेडा होय.

दोनेक वर्सं गेली असतीन, सेठ म्हने, गुलब्या, एका पाटलाच्या पोरीचं लगन हाय, भोंग्याची मशीन घेऊन जा. कोनता पाटील, तं माह्याच गावचा! झालतं असं का पाटील आधी बापाच्या दारी येऊन गेलता. सीताराम, एकच डाव वाजव, पोराईवर एकच पोरगी माही, तिचं लगन मुक्यानं लावू काय? बाप म्हने, पाटील, शब्द देल्ला हाय. पाटील म्हने, अरे पन डफडं तं असन ना घरात? तं मायनं आतून चाळनं आनून दाखवलं, पिठासकट. पाटील गेला उपरनं झटकत, आनि मानूस धाडला घाटंजीले.

मी मांडवाजोळ भोंगा उतरवून राह्यलतो तं बाप समोर उभा. शांत. बाप शांत असला का मले जास्त भेव लागे. बाप म्हने, काहून आला? म्हनलं, धंद्यावर आलो बा. कोन वाजवनार? म्हनलं, मी कायले वाजवतो, मशीन वाजवते. बाप खाली बसला, मशीन इकून पाह्यली, तिकून पाह्यली, हात नाई लावला. हे फिरते कायनं? म्हनलं, चावीनं. चावी कोन भरते? म्हनलं, मी. बाप उठला, धोतर झटकलं. मंग वाजवनारा तूच ना रे. डफडं सोडलं आनि चावी धरली, फरक काय झाला? मी मोहल्ल्यासमोर शब्द देऊन बसलो आनि माहाच पोरगा त्याच दारात. करायचं ते कर, पन त्या मांडवात तुह्या हातानं चावी भरल्या गेली तं माह्या घरचं पीठ तुह्यासाठी चाळल्या जानार नाई.

आता सांगा बाई, मी काय करू? वापस गेलो तं सेठ हाकलते, वाजवलं तं बाप जाते. मशीनीजोळ खुर्चीवर बसलो, कारन तबकडी पेटीच्या वर, बदलाले उंच बसा लागे, चावी मातर खाली बाजूले, आनि इचार करू करू डोक्शं पिकलं. तितक्यात नवरदेव घोड्यावर बसला, पाटील वरडला, गुलब्या, लाव ना रे! मी उभा झालो. तोंडातून काय निघालं ते माहं मलेच नवल. म्हनलं, पाटील, शहरात या मशीनीची एक रीत हाय. ज्याच्या घरचं लगन, चावीचा मान त्याचा. परक्यानं चावी भरत नसते.

पाटील थबकला. शहरात असं? नवरदेवाकडं एक पुसदचा पाहुना होता, काळा चष्मा, मनगटाले घड्याळ. तो म्हने, हो हो, आमच्याकडं असंच असते. त्याले काईच ठाऊक नव्हतं बाई, पन ठाऊक नाई म्हनन तं तो पुसदचा कायचा!

झालं. पाटलानं फेटा सावरला, उपरनं कमरेले खोचलं आनि बसला मातीत उकिडवा. मी खुर्चीवर, पाटील खाली, आनि पाटील चावी भरून राह्यला, कपाळावरून घाम. गानं असं उठलं का पोट्टे नाचाले लागले. मी फक्त तबकडी ठेवो आनि म्हनो, भरा पाटील. मंग पाटील पाहुन्याईच्या गडबडीत गेला, चावी इसरला, आनि इकडं लगन लागाले आलं. मी सनईची तबकडी लावली होती. अर्ध्यातच चावी उतरली. सनईची झाली बकरी, बकरीची झाली म्हैस. भटजी थांबला, नवरी फुसकन हासली, आनि बंदा मांडव वरडला, चावी भरा पाटील, चावी भरा! पाटील अक्षता मुठीत घेऊन धावत आला, अर्ध्या अक्षता मशीनीवरच पडल्या.

मी लिंबाकडं पाह्यलं. बाप तिथंच उभा होता, त्याच्या जुन्या जागेवर, पन हात रिकामे. आनि हासून राह्यलता. बाप हासे तं आवाज नाई निघे, नुसते खांदे हालत. घरी गेलो तं माय पीठ चाळून राह्यलती. बाप इतकंच म्हनला, खुर्ची चांगली देल्ली तुले.

मले वाटलं इथंच संपलं. कायचं संपते! ज्यानं त्यानं सेठजोळ येऊन म्हनावं, आमाले तो चावीच्या मानाचा भोंगा पायजे. चावी मामानं भरायची का जावयानं, यावरून लोक रुसाले लागले बाई. मुकुटबनकडं एका लग्नात थोरल्या जावयानं इतकी चावी भरली का स्प्रिंगच तुटली, आनि तो खुशीत, का आता धाकट्याले मान नाई भेटनार. सेठले भोंग्यानं अर्धशिशी उठे, एक दिवस म्हने, गुलब्या, ही मशीन तूच ने बाप्पा, माहं डोक्शं वाचव. तो धंदा माहा झाला.

मंग साठ सालानंतर मी गायन पार्टी काढली. आमच्याच मोहल्ल्यातले गवई, पेटी, ढोलकी, भोंगा माहा. लोक म्हनत, गुलाबराव, तुमाले गाता येत नाई, तं गवई पारखता कसे? म्हनो, कान हाय. कान कायचा बाई! नव्या गवयाले मी घरी बोलवो आनि अंगनात गावाले लावो. माय आत पीठ चाळे. चाळनं चालूच राह्यलं तं गवयाले चहा पाजून वापस धाडो. चाळनं थांबलं तं ठेवून घेवो. माय एकदाबी चुकली नाई. त्या चाळन्यावर पार्टी पुसदले गाजली, पक्कं घर झालं, जीप आली, मायले सोन्याच्या पाटल्या झाल्या, त्या घालून ती चाळे, तं म्हने, खनखन वाजतात, गानं आयकू येत नाई, काढून ठेव. आनि पाटलाच्या दारावरून गेलो का तो म्हने, या गुलाबराव, बसा. खुर्ची सोता पुढं करे.

माह्या लग्नाची गोठ सांगतो. आमच्याच अंगनात बुद्धवंदना झाली, मी सवयीनं मशीनीकडं पाह्यलं, तं बाप तिथं उकिडवा बसलेला, हात चावीवर. म्हनलं, बा, तू? शब्दाचं काय? बापानं वर पाह्यलं. शब्द लोकाच्या दाराचा होता. ज्याच्या घरचं लगन त्यानं चावी भरायची, तुहीच रीत ना? आनि भरली चावी. गानं सुरू झालं, आनि बापाची बोटं मशीनीच्या पेटीवर चालाले लागली, आधी हळू, मंग डफड्यावर चालत तशी. मी हळूच तबकडीवरची सुई उचलली. कोनाच्या ध्यानातबी नाई आलं बाई, बंदा मोहल्ला नाचून राह्यलता.

आता बाप नाई, माय नाई. पोराईनं आवाजाचे मोठमोठे डब्बे घेतले, बटन दाबलं का भिताडं हालतात, चावीचं कामच नाई. तरी लोक म्हनतात, गुलाबराव, मशीन आना, मानाचं काय? मंग जुनी मशीन नेतो, मांडवात ठेवतो, कशालेच जोडलेली नाई. जावई फेटा सावरून चावी भरते, आनि मांगून माहा नातू बटन दाबते. बंद्याईले ठाऊक हाय, कोनी बोलत नाई. माहे हात मातर पाटलाच्या पोरीच्या लग्नापासून लोकाच्या मांडवात अजून चावीले लागले नाईत.

तुमच्या नातवाईले सांगा, तिकडं कोनत्याबी देशात लगन करा, पन इकडं एक मांडव घाला. मशीन मी धाडतो, भाडं नाई. चावी तुमी भरा बाई, तुमच्या घरचं लगन. फक्त जोरात नका भरू, स्प्रिंग म्हातारी झाली हाय. पोरं नाचत राहो, एवढंच.