कर वेगळा भरला म्हणून

लग्नावरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या मुलाखतीला नाव पुकारायची वाट बघत येसेनिया नवऱ्याशेजारी बसली होती. एवढ्यात आतून एक जोडपं तणतणत बाहेर आलं आणि पुढच्याच बाकावर बसलं. बोलण्यावरून बाई इथली ओहायोचीच वाटत होती, नवरा घानाचा.

“लग्न खरं असेल तर कर वेगवेगळा का भरता, म्हणे!”

“डार्लीन, हळू बोल.”

“का? चोरी केलीय का? एकत्र भरला तर दोघांचं उत्पन्न धरतात आणि माझ्या शिक्षणकर्जाचा हप्ता दुप्पट होतो. सांगितलं ना मी त्या अधिकाऱ्याला?”

“टेबलावर हात आपटून सांगितलंस.”

“मग तू का गप्प होतास, क्वाबेना?”

“तू बोलू दिलंस कुठे?”

“तुझी आई गेली तेव्हा घानात तुमच्या कुमासी गावाला येऊन काळे कपडे घालून तुमच्या बायकांत बसले मी. ते कुठल्या कागदावर दाखवू?”

“फोटो दिले की आपण.”

“त्यानं बघितलेसुद्धा नाहीत! कायदाच वेगळा भरू देतो, मग भरल्यावर संशय कसला?”

“चिडू नकोस, बीपी वाढेल. गोळी घेतलीस सकाळी?”

“तू हातावर ठेवलीस म्हणून घेतली.”

दार उघडून अधिकारी म्हणाला, “तुम्हा दोघांना आणखी काही विचारायचंय. वेगवेगळ्या खोल्यांत.”

डार्लीन ताडकन उठली.

“ऐका हो सगळे! एकत्र राहतो हे पटवायला आता आम्हाला वेगळं बसवणार!”

कोणी हसलं नाही. दोन दारं लागली.

येसेनिया नवऱ्याच्या कानाशी लागली. “आपणही वेगळाच भरलाय ना?”

“हो.”

“मग आत मला बोलताना अडवू नकोस.”