शुक्रवारचं ओलं फडकं

सन्माननीय अध्यक्ष दिगंबरराव, व्यासपीठावरच्या पाहुण्या सुवर्णाताई, श्रूजबरीच्या आपल्या मराठी मंडळातले सगळे लहानथोर, आणि आजच्या उत्सवमूर्ती हन्नाबाई किहीमकर. उत्सवमूर्ती म्हणायची आपली रीत, म्हणून म्हटलं. मूर्ती हा शब्द त्यांच्या धर्मात बसत नाही, हे त्यांनी मला पुरेपूर ऐकवलेलं आहे.

मी अहिल्याबाई. शिकले तिसरीपर्यंत. पण माहेर पेणचं, वडिलांचा गणपतींचा कारखाना. मंडळाचा गणपती दरवर्षी मी आमच्या गॅरेजमध्ये करते. माझी नात नेत्रा शेजारी बसून उंदीर करायची. मग समोरच्या घरात हन्नाबाई राहायला आल्या. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या अलिबागकडच्या ज्यू. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. आणि तळघरात कुंभाराचं चाक! झालं. नेत्रा रस्ता ओलांडून पलीकडे, उंदीर माझ्याकडे बिनशेपटीचे.

अध्यक्षांनी बजावलंय, चांगलंच बोला. बोलतेय की.

पोर घरी येऊन सांगायची, "आजी, हन्ना आजी म्हणते देवाने पहिला माणूस मातीचा केला आणि नाकात फुंकर मारली. आपण फक्त शेप देतो, ब्रेथ त्याचा." मी म्हटलं, "अगं, आपल्यातही मूर्तीत प्राण घालतात!" तर म्हणते, "यू नेव्हर टोल्ड मी." मला कधी विचारलं होतं का कुणी?

आणि यांचा तो शुक्रवार! सुट्टीचा शनिवार म्हणे आदल्या संध्याकाळीच लागतो. सूर्य कलला की बाईंनी चाक थांबवायचं, मातीवर ओलं फडकं टाकायचं, हात धुवायचे. सुरई गळ्यापर्यंत आलेली असली तरी. वर आम्हाला सांगायचं, "देवानं सहा दिवस जग घडवलं आणि सातव्या दिवशी थांबला. घडवणाऱ्याला थांबताही आलं पाहिजे." मी म्हणायची, "आमचे वडील असे थांबले असते, तर चतुर्थीला लोकांनी पाटावर काय बसवलं असतं?" या नुसत्या हसायच्या. तेही नेत्राला आवडायचं.

गेल्या वर्षी चतुर्थी शनिवारी आली. त्याआधी मी जिन्यावरून घसरले, उजवा हात प्लास्टरात. मूर्ती रंगवून तयार, डोळे तेवढे राहिलेले. माझा मुलगा अरुण म्हणाला, "आई, न्यू जर्सीला आयसेलिनहून रेडिमेड मूर्ती आणतो." मी म्हटलं, "आण, आणि येताना मला तिथेच सोडून ये."

शेवटी नाक मुठीत धरून रस्ता ओलांडला. "हन्नाबाई, डोळे आखून द्या."

"अहिल्याबाई, तुमच्या घरची भांडी घाशीन, पण देवाचे डोळे नाही काढणार. आम्ही देवाला रूप देत नाही."

"मग माझी नात बरी पळवलीत ती!"

त्यांनी चाक फिरवायला घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा नव्याचा सण, म्हणजे नवं वर्ष, सरत होता. दिवे लावून, सणाचा गव्हाच्या चिकाचा हलवा घेऊन बाई आमच्या गॅरेजमध्ये हजर. स्टुलावर बसल्या, मूर्तीकडे पाठ करून, हात मांडीवर. मी डाव्या हातात ब्रश धरलेला आणि तो लटपटतोय. नेत्रा म्हणाली, "आजी, लेट मी."

"हात लावायचा नाही! हे आमच्या घराण्याचं काम आहे."

"मग मी कोणत्या घराण्यातली?"

तेव्हा हन्नाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मूर्तीचं मी बोलत नाही, ते तुमचं. पोरीचं बोलते. आमच्यातले जुने जाणते सांगतात, आधी सगळीकडे देवच होता. जगाला जागाच नव्हती. मग त्यानं अंग आवरलं, मागे सरला, तेव्हा कुठे जग झालं."

"मग मी काय करू?"

"सरका."

सरकले. पोरीनं डोळे काढले. डावा जरा मोठा झाला, पण बघत होता. खरोखर बघत होता, मी उगाच कुणाचं कौतुक करत नाही. दुसऱ्या दिवशी आरतीला सगळा हॉल म्हणतो, "वा, हन्ना आजींची तयारी!" हे बरं आहे की नाही? ब्रशला हात लावला नाही, मूर्तीकडे पाहिलं नाही, आणि श्रेय कुणाला?

आता हन्नाबाई आपल्या मुलीकडे इस्रायलला निघाल्या. चाक नेत्राला देऊन चालल्यात. ते आमच्या गॅरेजमध्ये माझ्या पाटाला चिकटून ठेवलंय. परवा शुक्रवारी मी म्हटलं, "नेत्रा, तो उंदीर तेवढा संपव गं." तिनं त्याच्यावर ओलं फडकं टाकलं, हात धुतले. म्हणाली, "संडेला, आजी." गॅरेज माझं, माती माझी, नात माझी, आणि शुक्रवार मात्र यांचा! तोही घेऊन जा म्हणणार होते. पण पोरीचे डोळे रडून सुजलेत. माझ्यासाठी इतकी रडेल का ती? विचारलं नाही. भलतं उत्तर आलं असतं.

हन्नाबाई, माझा हात बरा झालाय. तरी यंदाही डोळे तीच काढणार. तुमच्या स्टुलावर मी बसेन, हात मांडीवर ठेवून. फक्त मूर्तीकडे तोंड करून. मला चालतं ते.

अध्यक्षांनी मला माईक दिला, त्यांच्या धाडसाचे आभार. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, तुमचेही. बोलताना कुणाला लागलं असेल तर म्हातारीचं म्हणून सोडून द्या. हन्नाबाईंना लागलं असेल, तर थोडं लागू दे.